मळकट रंगांच्या बाजूने

"अगदी फोटोसारखं काढलंय हो!"

चित्राला आपल्याकडे ह्याच्या वरची पदवी नाही. ही मिळाली की काढणारा धन्य आणि बघणारा मोकळा. माझं म्हणणं असं आहे की वस्तुचित्र शिकू पाहणाऱ्या माणसाचं जेवढं नुकसान ह्या एका वाक्याने केलं, तेवढं वाईट ब्रश, महागडे कागद आणि कंटाळलेले मास्तर ह्या तिघांनी मिळूनही केलं नसेल.

मंडळी, आज मी भांडणार आहे. ज्यांना भांडण नको असेल त्यांनी मागचा घावनांवरचा लेख पुन्हा वाचावा, त्यात कुणाशी वैर नाही. (काकडीच्या घावनांत गूळ घालावा की नाही, एवढं सोडून.)

गेलं दीड वर्ष मी खिडकीशी बसून वस्तुचित्रं रंगवते आहे हे घरच्यांना माहीत आहे, कारण घरात वावरायला जागा उरलेली नाही. पितळी तांब्या, चिनी मातीची बरणी, लसणाचा गड्डा, लालबागहून आणलेल्या सुक्या मिरच्या, वांगं. रंग चार. यलो ऑकर, म्हणजे आपली पिवळी माती, तांबडा, काळा, पांढरा. निळा नाही, हिरवा नाही, जांभळा तर नाहीच नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी चित्रं दाखवते, आणि येणारा प्रत्येक जण चहा संपेपर्यंत एकच शब्द शोधत असतो. तो शब्द आधी वन्संना सापडला. "वहिनी, छानच आहे, पण जरा मळकट नाही का वाटत?" मग जाऊबाई म्हणाल्या, ह्या वयात कसं प्रसन्न रंगवावं. नात म्हणाली, आजी, किती ब्राउन! आणि धाकट्या भाऊजींनी तर चोवीस ट्यूबांचा डबाच आणून दिला, आता कंजुषी नको म्हणाले. त्यांच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्या डब्याबद्दल आहे.

आधी 'फोटोसारखं' निकालात काढू.

आमच्या बाजूला मुलांचा एक चित्रकलेचा क्लास चालतो. नाव सांगत नाही, आणि तसे क्लास गल्लोगल्ली आहेत. मी वर्षभर जाता-येता दारातून बघते. तिथे तांब्या कसा काढायचा हे ठरलेलं आहे. डावीकडे पांढरी उभी चमक, उजवीकडे सावली, मधे सफाईने घोटलेलं पिवळं. खाली कापड, कापडाला तीन घड्या. मागे निळा, वर गडद, खाली फिका होत गेलेला. मुलं झपाझप काढतात आणि खरंच सुबक काढतात. फक्त एक गंमत आहे. टेबलावर तांब्या नसतो! नसला तरी चालतं, कारण तांब्याकडे बघायची गरजच कुणाला पडत नाही. चमक डावीकडे असते हे पाठ आहे. खिडकी उजवीकडे असली तरी चमक डावीकडेच.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. हा प्रकार मी जन्मभर ओळखून आहे. ह्याला गाइडातला निबंध म्हणतात. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय दिला की परळच्या माझ्या वर्गातली चाळीस मुलं थुईथुई नाचणारा मोर लिहायची. मातीचा सुगंध, हिरवा शालू नेसलेली वसुंधरा. अरे, तुमच्यातली निम्मी मुलं हिंदमाताच्या पाण्यातून चपला हातात घेऊन शाळेत आलीत! गुडघ्याएवढं पाणी, त्यात तरंगणारे कापडाच्या दुकानांचे पुठ्ठ्याचे खोके, दुभाजकावरून ओळीने चालणारी माणसं, बंद पडलेली टॅक्सी ढकलणारी पोरं. ह्यातलं एक अक्षर वहीत नाही. मोर मात्र आहे. मोर कुणी पाहिला होता? राणीच्या बागेत, पिंजऱ्यात, उन्हाळ्यात.

एकदा एका मुलाने लिहिलं की पाणी चढायला लागलं की आमची आई आधी पीठाचा डबा माळ्यावर ठेवते आणि मग आम्हाला. त्या वाक्याला मी वर्गात उभं राहून दाद दिली होती. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या.

तर वस्तुचित्रातला तो घोटलेला तांब्या हा मोर आहे. एवढंच मला म्हणायचं आहे, पण हे एवढं पटवायला आख्खा लेख लागतो.

कुणी म्हणेल, शिस्त नको का? हवी. तांब्याच्या तोंडाची लंबगोल कड चुकली की तांब्या लंगडा दिसतो, आणि ती कड काढायला मी चार महिने आणि दोन वह्या घातल्या. आपल्याकडच्या ग्रेड परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र, ह्या गोष्टींचा पाया पक्का व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण दहावीच्या निकालात त्याचे वाढीव गुण मिळू लागले आणि गुण आले की मागून गाइड येतंच. परीक्षेला लागते ती सफाई. सफाई दिसते, मोजता येते, शेजारच्याच्या कागदाशी तुलना करता येते. पाहणं मोजता येत नाही. मग क्लासवाला काय शिकवणार? त्याचंही पोट आहे.

आता दुसरे शत्रू. हे पहिल्यांपेक्षा गोड बोलतात म्हणून जास्त धोकादायक. ह्यांचं म्हणणं, नियम नकोत, व्यक्त व्हा! मनात येईल तो रंग घ्या, मोकळं वाटेल. ज्येष्ठ नागरिकांना तर हे हमखास सांगतात, जणू आम्ही तुंबलेलं गटार आहोत आणि चोवीस रंग ओतले की मोकळे होऊ. अशा एका शिबिराला मी गेले होते. दोन तासांत आम्हा बारा जणांची बारा चित्रं झाली आणि बाराही सारखीच दिसत होती. सगळ्यांनी सगळे रंग वापरले की असंच होणार. मिसळीत सगळंच पडलं की चव शेवेचीच लागते.

व्यक्त व्हायचं म्हणजे आधी काहीतरी म्हणायचं असावं लागतं. आणि ते तांब्याबद्दल असावं लागतं, स्वतःबद्दल नव्हे. स्वतःचं आपोआप येतं, त्याला आमंत्रण लागत नाही.

मी चार रंगांवर का अडून बसले ते सांगते. सगळा मुद्दा इथे आहे, आणि तो वांग्याने शिकवला.

वांगं जांभळं असतं, हे आपल्याला बालवाडीपासून माहीत. माझ्याकडे जांभळा नव्हता. तांबडा आणि काळा मिसळला तर चॉकलेटी होतो, मातकट. आता करायचं काय? नाइलाजाने वांग्याकडे बघावं लागलं. नीट, वीस मिनिटं, डोळे किलकिले करून. आणि मंडळी, वांगं जांभळं नव्हतं हो! खिडकीकडच्या बाजूला ते जवळजवळ पांढरं होतं, कारण तिथे आभाळ पडलं होतं. मधे चक्क काळं. खालच्या अंगाला, जिथे पाटाचा लाकडी रंग उलट त्याच्यावर फेकला जात होता, तिथे तांबूस. आणि देठाजवळ एक हिरवट रेघ. 'जांभळं' असं म्हणता येईल अशी जागा फार तर चिंचोक्याएवढी. ट्यूब असती तर मी ती पिळली असती, आणि वांगं बघायचं राहून गेलं असतं.

आता तो देठाचा हिरवा कुठून आणला? पिवळ्या मातीत काळा घाला. कुणाचा विश्वास बसत नाही, पण शेवाळी हिरवा होतो. अगदी वाळलेल्या कढीपत्त्यासारखा. कारण काळा रंग हा बऱ्याचदा छुपा निळा असतो. त्यात पांढरा घालून जो करडा होतो तो नुसता कागदावर ठेवला तर राखाडी दिसतो. पण पितळी तांब्याच्या केशरी-पिवळ्या अंगाला लावून ठेवा, निळा दिसतो. निळा! वन्सं परवा ज्याला "हा निळा बरा आहे" म्हणाल्या तो निळा नव्हताच. रंग एकटा नसतो, शेजार बघून वागतो. चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागू नये.

चार रंगांचा आणखी एक फायदा, की चित्र फुटत नाही. प्रत्येक मिश्रणात त्याच चौघांपैकी कुणीतरी असतो, म्हणून सगळं एका घरातलं वाटतं. चोवीस ट्यूबांनी रंगवलेल्या चित्रात प्रत्येक वस्तू वेगळ्या लग्नाला निघालेली दिसते. आणि रंग कमी असले की सगळी मदार उजेड-अंधारावर येते. किती गडद, किती फिकं, हे एकदा जमलं की तांब्या तपकिरी असो की करडा, तो तांब्याच दिसतो. हे चुकलं तर जगातला सर्वांत महाग पिवळाही वाचवत नाही.

ही काही माझी शोधून काढलेली युक्ती नाही. आंदेर्स झोर्न नावाचा स्वीडिश चित्रकार (1860–1920) पांढरा, पिवळी माती, शेंदरी आणि काळा एवढ्यावर माणसांची कातडी, फर, लाकूड, सगळं रंगवायचा. म्हणून ह्या चौकडीला चित्रकार त्याच्या नावाने ओळखतात. (त्याने गरजेला इतर रंगही घेतले, सोवळं पाळलं नाही. मीही पाळणार नाही, पण अजून गरज पडलेली नाही.) आणि स्वीडनपर्यंत कशाला जायचं? आपलं अजिंठा घ्या. तांबडी माती, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा. बाहेरून आणलेला म्हणावा असा रंग एकच, तो निळा, आणि तोही मोजून वापरलेला. बहुतेक सगळं पायाखालच्या डोंगरातलं. वन्संनी अजिंठ्याला जाऊन "जरा मळकट आहे" म्हणून दाखवावं!

बरं, 'वस्तूचा खरा रंग' असं म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. उजवा डोळा मिटून डाव्याने बघितलं की समोरची भिंत जुन्या पुस्तकासारखी पिवळट दिसते. डावा मिटून उजव्याने बघितलं की तीच भिंत निळसर पांढरी, नुकत्या धुतलेल्या शर्टासारखी. भिंत एक, बाई एक, डोळे दोन. ह्यातला फोटो कोणता? क्लोद मोने म्हाताऱ्या वयात ह्याच दुखण्याने बेजार होता, 1923 साली त्याने ऑपरेशन करून घेतलं आणि त्यानंतर रंगांची नवी भानगड त्याच्यापुढे उभी राहिली. डॉक्टरांना मी विचारलं, कुठला डोळा खरं सांगतो? ते म्हणाले, दोन्ही झाले की प्रश्न मिटेल. म्हणजे प्रश्न मिटेल, उत्तर मिळणार नाहीच.

'मळकट' ह्या शिवीबद्दल व्हॅन गॉगची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो सूर्यफुलांचा म्हणून आपल्याला माहीत, कॅलेंडरवर असतो. पण 1885 साली हॉलंडमधल्या न्यूनेन गावात त्याने बटाटे खाणारं शेतकरी कुटुंब रंगवलं, ते न सोललेल्या, मातीने माखलेल्या बटाट्याच्या रंगात, आणि तसं त्याने मुद्दाम केलं हे स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचे पाद्री वडील वारले. ऑक्टोबरमध्ये त्याने एक वस्तुचित्र केलं. टेबलावर उघडलेलं जाडजूड बायबल, शेजारी विझलेली मेणबत्ती, आणि पुढ्यात झोलाची छोटीशी पिवळी कादंबरी, हाताळून हाताळून कोपरे दुमडलेली. वडिलांना झोलाची पुस्तकं रुचत नसत. एवढ्या तीन वस्तू! त्यात कुणी रडत नाही, कुणी भांडत नाही. पण ज्याचं वडिलांशी कधी पटलं नाही अशा कुठल्याही माणसाला ते चित्र दाखवा. त्याला सांगावं लागत नाही. आणि रंग? तपकिरी, काळा, करडा, आणि ती एक पिवळी कादंबरी. चोवीस रंग असते तर त्या पिवळ्याची काय पत्रास राहिली असती?

आता आपल्या मुंबईचे आरा. कृष्णाजी हौळाजी आरा (1914–1985). लहानपणी हैदराबादकडून मुंबईत आले, लोकांच्या घरी घरगडी म्हणून राबले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, बरंचसं स्वतःच शिकत चित्रकार झाले आणि 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे ह्यांच्या बरोबरीने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये उभे राहिले. बाकीच्यांनी मोठमोठे विषय हाताळले. आरांनी फुलदाण्या, फळं, भांडी आयुष्यभर रंगवली. ते माझ्यासारखे चार रंगांवर अडले नाहीत, त्यांची फुलं चांगली झगझगीत आहेत, हे प्रामाणिकपणे सांगते. पण त्यांची भांडी बघा. ब्रशाचा फटकारा जिथे पडला तिथे तसाच आहे, घोटून गुळगुळीत केलेला नाही. कड वाकडी असेल तर वाकडी. ते भांडं जड आहे हे डोळ्यांना नाही, हाताला कळतं. ज्याने दुसऱ्यांच्या घरची भांडी उचलली-ठेवली, त्याला भांड्याचं वजन माहीत असणारच, असं मला उगाच वाटतं. उगाच म्हणते, कारण हा माझा तर्क झाला.

आणि इटलीतल्या बोलोन्याचे मोरांदी, जन्मभर त्याच त्या बाटल्या आणि डबे, धूळ बसलेले, राखाडी-मातकट. हे गृहस्थ उमेदीची पंधरा वर्षं प्राथमिक शाळांतून चित्रकला शिकवत होते. आमच्या जमातीतले! म्हणून त्यांना एक ओळ जास्त.

वाचायचं असेल त्यांनी प्रभाकर बरवे ह्यांचं 'कोरा कॅनव्हास' (1990) वाचावं. वस्तू, आकार, अवकाश ह्यांच्याबद्दल इतकं स्वच्छ मराठीत लिहिता येतं हे मला ते वाचून कळलं. चित्रकारांनी मराठीत लिहावं आणि मराठीच्या मास्तरांनी चित्रं काढावीत, अशा मताची मी होत चालले आहे.

असो. इथवर वाचून कुणी म्हणेल, बाई, एवढं पोटतिडकीने का? छंद आहे, करा आणि आनंदात राहा. तर पोटतिडकीचं कारण वेगळं आहे, आणि ते चाळीस वर्षांहून जुनं आहे.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं. परळ-लालबागच्या शाळेत शिकवणाऱ्यांना संप वर्तमानपत्रात वाचावा लागला नाही. तो डब्यांत दिसला. आधी डब्यातली भाजी गेली, मग डबे गेले, मग काही मुलं गेली, गावाला. जी राहिली त्यांच्या रंगपेट्या संपत आल्या आणि नव्या आल्या नाहीत. पेटीतले कुठले रंग शेवटी उरतात माहीत आहे? पिवळी माती, तपकिरी आणि काळा. कारण निळा आभाळाला जातो आणि हिरवा झाडाला.

आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी तेव्हा एक गोष्ट केली. रंगाऱ्याकडून गेरू, रामरज आणि चुना आणला, घरून खाटी डिंक आणला, कोळसा कुटला आणि वर्गात मधोमध चार डबे ठेवले. सगळ्यांना तेच चार. ज्याच्याकडे पेटी होती त्यालाही तेच. आठवीतल्या एका मुलीने त्यात रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यावर पालथं घातलेलं पातेलं काढलं. स्टोव्ह काळा, पातेलं करडं, आणि मागची भिंत गेरूची, अंगावर येणारी. स्टाफरूममध्ये ते चित्र टेबलावर ठेवलं तेव्हा बराच वेळ कुणी चहाला हात लावला नाही. पातेलं पालथं, म्हणजे... आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात अर्थ लावला. सरांनी तिला विचारलं, पातेलं पालथं का काढलंस? तर ती म्हणाली, "उताणं काढलं की तोंडाची गोल कड जमत नाही ना सर."

मला ती मुलगी आजही तितकीच आवडते, त्या उत्तरासकट. अर्थ तिने घातला नव्हता. तिने फक्त जे जमत होतं ते, जेवढं होतं तेवढ्यात, नीट बघून काढलं. अर्थ स्टोव्हनेच घातला.

ते चित्र सरांनी एका शाळा-शाळांमधल्या स्पर्धेला पाठवलं. परत आलं तेव्हा मागे पेन्सिलीने दोन शब्द होते. 'रंगसंगती अपुरी.'

वन्सं, 'मळकट' म्हटल्यावर मी का चिडते ते आता कळलं का?

ह्यावर मला उलटा वार येईल हे माहीत आहे. बाई गरिबीचं कौतुक करतायत. उपाशी पोरांना चार रंगच बरे म्हणतायत. मुळीच नाही. मी आज चार रंग निवडलेत, कपाटात भाऊजींचे चोवीस असताना. त्या मुलीने निवडले नव्हते. ह्या दोन गोष्टींतलं अंतर मला कळतं, आणि तिला निळा हवा असता तर तो तिला मिळायलाच हवा होता, त्यात कला-बिला काही नाही, तो तिचा हक्क. माझं भांडण ट्यूब न मिळण्याशी वेगळं आहे आणि ट्यूबा मोजणाऱ्या परीक्षकाशी वेगळं. ज्याने तो शेरा लिहिला त्याने पेटी तपासली, चित्र तपासलं नाही. आजचा क्लासही तेच करतो, फक्त पेटी मोठी झाली आहे. पेटीबरोबर फी वाढली आणि फीबरोबर असं ठरून गेलं की चित्रकला ही ज्याला परवडते त्याची. हे मला सहन होत नाही. गेरू, चुना, कोळसा आणि समोर ठेवलेलं एक भांडं, ह्यात शिकवता येते ती गोष्ट आपण महाग करून ठेवली.

शाळेत तरी काय उरलंय? शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात सहावी ते आठवीचे वर्ग असणाऱ्या आणि शंभरावर मुलं असणाऱ्या शाळेत कला शिक्षणाला अर्धवेळ निदेशक असावा असं लिहिलेलं आहे. अर्धवेळ का होईना, लिहिलेलं आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही कलेचा उल्लेख जागोजागी आहे. उल्लेखाला काही पडत नाही हो. मी नोकरीत होते तेव्हापासून चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या राहिलेल्या भागाची ठेवठेवणी. चाचणी जवळ आली की पहिला बळी त्याचा. पालकांनीही कधी तक्रार केली नाही, उलट आभार मानले. आणि मग तेच पालक मुलाला संध्याकाळी फी भरून क्लासला पाठवतात, डावीकडे चमक काढायला.

माझी मागणी छोटी आहे. आठवड्यातला एक तास. टेबलावर खरी वस्तू, कुणाच्याही घरातली. रंग तीन किंवा चार, सगळ्यांना तेच. नमुना फळ्यावर काढून दाखवायचा नाही. आणि खोडरबर मास्तरांकडे जमा. गुण द्यायचेच असतील तर मुलाला विचारा, तुला ह्यात काय दिसलं जे आधी दिसलं नव्हतं? सांगता आलं की पास.

आणि माझ्या वयाच्या मंडळींसाठी, ज्यांना "प्रसन्न रंगवा" सांगितलं जातं. आपण इतकी वर्षं ज्या भांड्यांना हात लावले त्यांच्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते दहा वर्षांच्या मुलाला ठाऊक नाही. हात थरथरतो? थरथरू दे, मोठा ब्रश घ्या, अर्ध्या इंची, चपटा, राठ केसांचा. बारीक ब्रश फेकूनच द्या, तो माणसाला लबाड बनवतो. कागद महाग पडतो. मी हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानातून रिकामे खोके आणते. दुकानातला मुलगा आता मला ओळखतो, आजी, जाडवाले ठेवलेत म्हणतो. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्यायचे, एकाच बाजूने दिले तर तो पापडासारखा वळतो. पॅलेट म्हणून जुन्या फ्रेमची काच. वस्तू तीनच, खिडकी एकच, दिवा बंद. आधी फक्त काळा-पांढरा मिसळून तीन छटांत सगळं मांडा: उजेड, मधलं, अंधार. हे पटलं की मगच तांबडा-पिवळा उघडायचा. आणि चाळीस मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की ब्रश खाली, कारण त्यानंतर हात घोटायला लागतो आणि 'फोटोसारखं' करण्याचा मोह सुटतो. पावसाळ्यात ॲक्रिलिक सावकाश सुकतं, तेव्हा दहा मिनिटं जास्त घेतली तरी चालतील.

ह्या आठवड्यात माझ्याकडे खलबत्ता मांडला आहे, सासूबाईंचा. दगडी, काळा, कड एका जागी झिजून खाली आलेली, म्हणजे त्या डावखुऱ्या असाव्यात हे मला आत्ता, रंगवताना कळलं. चाळीस वर्षं त्याच खलबत्त्यात मी वेलची कुटली. हे म्हणतात, शक्यच नाही, आई उजव्या हाताने जेवायची. जेवायची उजव्याच हाताने, त्या काळी दुसरी सोयच नव्हती. नाशिकच्या आत्यांना फोन करून विचारायचं आहे. कड मात्र मी चक्क जास्तच खाली ओढली आहे, आहे त्याहून दुप्पट, आणि ज्यांना ती चूक वाटेल त्यांनी घरी येऊन खलबत्ता उचलून बघावा.